पाण्यावरून दिसणारं घर

गणपती पाण्यात गेले, भजनं म्हणून बसलेले घसे अजून सुटलेले नसतात, तोच आमच्या चौघांच्या ग्रुपवर प्रश्न येऊन पडतो: ‘यंदा खंय?’ यंदाही पडला. ओरोसच्या सरकारी वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून मी तो वाचला. सर नुकतीच येऊन गेली होती. कुंपणापलीकडचं भात निसवलं होतं, आणि निसवलेल्या भाताला जो एक कोवळा, दुधाळ वास असतो तो पायरीपर्यंत येत होता. उत्तर लिहायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. गेली तीन वर्षं माझं हे असंच होतं.

आम्ही चौघे एकाच कार्यालयातले. भाद्रपद सरताना दोन दिवसांची रजा टाकायची आणि फायलींना पाठ दाखवायची, हा आमचा जुना नेम. एखादा डोंगर चढायचा, जमलं तर कुठल्यातरी खाडीत कयाकवर बसून वल्हं मारायचं, रात्री कोणाच्या तरी ओटीवर पाय शेकत पडायचं. जागा निवडायचं काम माझ्याकडे, कारण मी तक्ता करतो. डाव्या बाजूला ठिकाणं, वरच्या ओळीत अंतर, चढण, पाण्याची खोली, जेवणाची सोय आणि जळवा. जळवांना वेगळा रकाना दिल्याबद्दल मित्र आजही माझी टिंगल करतात. पण जातात मी सांगेन तिथेच.

मुंबई-पुण्याकडची माणसं आमच्याकडे येतात ती मे महिन्यात आंब्यासाठी, नाहीतर डिसेंबरात समुद्रासाठी. ह्या दिवसांत सहसा कोणी फिरकत नाही. पितृपक्ष लागलेला असतो, पावसाचा भरवसा नसतो, हस्ताचा एखादा सडाका येऊन सगळा बेत धुऊन नेतो. तरी मला विचाराल तर आमचा मुलूख बघावा तो ह्याच पंधरवड्यात. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या आमच्या उघड्या माळावर, बोटभर मातीत तेरडा फुललेला असतो. उन्हाला अजून धार आलेली नसते. आणि खाडी निवळत असते. आषाढ-श्रावणात डोंगराची सगळी माती पोटात घेऊन ती तांबडीलाल वाहते. मग रोज थोडी थोडी स्वच्छ होत जाते. आधी चहाच्या रंगाची, मग हिरवट, आणि एका सकाळी काठाजवळ तळाची वाळू दिसते. ती सकाळ कोणती, ते आधी कोणाला सांगता येत नाही.

माझी थोरली बहीण, आक्का, कर्लीच्या खाडीकाठी राहते. आम्ही मूळचे नांदगावकडचे, भात आणि काजू लावणारे. आमच्या घराची समुद्राशी ओळख होती ती बांगड्यापुरती. वासुदेव भावजी सुकी मासळी घेऊन आमच्या आठवड्याच्या बाजारात यायचे. आक्का सुकी मासळी आणायला जायची आणि नेहमीपेक्षा उशिरा परतायची. पुढचं सांगायला नको. बाबा दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मग भावजींकडून दर पंधरा दिवसांनी ताजे बांगडे यायला लागले, आणि बाबांचा राग ओल्या बांगड्यापुढे फार टिकला नाही. आईनं मात्र पहिल्याच दिवशी, बाबांच्या नकळत, स्वतःचं तांबडं लुगडं पिशवीत घालून तिला दिलं होतं.

त्याच लुगड्याची ही गोष्ट आहे, आणि माझ्या तक्त्याचीही.

डोंगरातली पोर खाडीकाठी गेली, तिला पाण्याची धास्ती बसली. नवरा पहाटे होडी काढून खाडीच्या मुखातून समुद्रात जायचा, आणि तो परत येईपर्यंत हिचा जीव खालीवर व्हायचा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं होतं की पाण्यावरून सगळा किनारा सारखाच दिसत असेल, माडच माड, मग आपलं घर कुठलं ते तुम्हाला कसं कळतं. भावजी हसले असणार. त्यांनी तिला सांगितलं, तू काहीतरी तांबडं वाळत घालत जा, मुखाकडच्या वळणावर आलो की मला दिसेल. दुसऱ्या दिवशी आईचं लुगडं दांडीवर चढलं. भावजी परतले, तिनं विचारलं, ‘दिसला?’ ते म्हणाले, ‘दिसला.’

मग ते रोजचंच झालं. पुढे त्यांनी एकदा सांगितलं की थोडं वर हवं, तर तिनं माडाच्या खोडाला बांबू बांधून घेतला आणि लुगडं निशाणासारखं वर नेलं. कधी म्हणायचे, आज वारा होता, नीट नाही दिसलं. मग दुसऱ्या दिवशी ही त्याची दोन्ही टोकं बांधायची. लुगडं विरलं तेव्हा तिनं त्याचा धड राहिलेला भाग फाडून घेतला. तोही गेला तेव्हा मालवणच्या बाजारातून तांबडं कापड आणलं. ते विटलं की दुसरं. तीसेक वर्षं बांबूवर काहीतरी तांबडं होतंच. आम्ही भावंडं सुट्टीत गेलो की हसायचो. आक्काच्या घरावर कसलं निशाण आहे, असं शेजारचे पाहुणे विचारायचे. आक्का कोणाला उत्तर देत नसे.

अंगणातून ते वळण दिसत नाही. मध्ये कांदळवन आहे, खाऱ्या पाण्यात वाढणारी ती गच्च झाडी. आक्काला वाटायचं, आपण खाली आहोत म्हणून दिसत नाही, कापड वर आहे, त्याला दिसत असेल. आणि स्वतः पाण्यावर जाऊन खात्री करायची तर सोय नव्हती. तिच्या सासूचा दंडक होता, घरातल्या बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही. इतर घरांत बायका तरीच्या होडीतून पलीकडे जायच्या, लग्नाकार्याला होड्यांतून जायच्या. ह्या घरात नाही. सासूचा मोठा मुलगा होडीसकट गेला होता, आणि त्या दिवशी ती स्वतः होडीत बसून वळणापर्यंत त्याला सोडायला गेली होती. तिनं त्या दोन गोष्टींची गाठ मारली ती मारलीच. आक्कानं तो दंडक सासूच्या हयातीत पाळला आणि नंतरही पाळला. तीस वर्षं तिनं मालवणच्या बाजारात मासे विकले, सुरमई डोळ्यांवरून ओळखली, होड्या आवाजावरून ओळखल्या, पण खाडीच्या पाण्यावर ती एकदाही गेली नाही.

तिला कोणी चल म्हटलंच नाही, हे मला आता खुपतं. दर वर्षी मी चार माणसांसाठी डोंगर निवडत होतो, खाड्या निवडत होतो. पुढे पुढे तिच्या गावातच कयाक आल्या. भावजींचे जोडीदार गुणाजी तात्या कंबर धरल्यामुळे समुद्रावर जायचे थांबले आणि त्यांनी दोन नारिंगी कयाक घेतल्या. परगावच्या बायका जाकिटं घालून, किंचाळत, तिच्या परसाजवळून वल्हं मारत जायच्या. आक्का काठावर उभी राहून त्यांना हात करायची. आम्ही चौघेही एकदा तिथूनच गेलो. तिनं आम्हालाही हात केला. मी उलट हात केला आणि पुढे गेलो. माझ्या तक्त्यात तिच्या गावापुढे ‘जेवणाची सोय: आक्का’ एवढंच लिहिलेलं होतं.

भावजी गेले ते पाण्यात नाही. ऐन पावसात ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. आक्का म्हणाली, इतकी वर्षं समुद्राला भ्याले आणि नेलं कोणी, तर तापानं. त्यांच्यामागे तिनं बांबू उतरवला नाही. मुलगा प्रकाश तोवर मोठ्या मासेमारी बोटीवर लागला होता. त्याच्यासाठी कापड चढत राहिलं. त्याला ते दिसतं का, असं मात्र तिनं त्याला कधी विचारलं नाही. तो प्रश्न एकाच माणसाला विचारायचा होता.

तीन वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, आक्काच्या डोळ्यांचं समजलं. समजलं म्हणजे फार उशिरा समजलं. बाजारात डाव्या बाजूला उभं राहिलेलं गिऱ्हाईक तिला दिसायचंच नाही, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारीला मस्ती आली. चौकटीला खांदा आपटायचा तेव्हा ती चौकटीला शिव्या घालायची. विळीवर बोट कापून घेतलं तेव्हा सुनेनं, शुभदानं, बळेच डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, राहिलेलं थेंबांनी जेवढं लांबेल तेवढं लांबवायचं. किती, असं मी विचारलं. वर्ष, दीड वर्ष. आक्का शांतपणे ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं की बाजारात बसायचं कधी थांबवू.

त्या रात्री मी तक्ता काढला. आजवरच्या सगळ्या तक्त्यांत हा एकच असा होता की त्यात जळवांचा रकाना नव्हता. अंतर, चढण, सोय, काहीच सुचेना. वरच्या ओळीत मी एकच गोष्ट लिहिली: काय दिसतं. मग बसून राहिलो. एखाद्या माणसाला शेवटचं काय दाखवायचं, ह्याचा तक्ता कसा करतात ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. रांगणा लिहिला, खोडला. सड्यावरची फुलं लिहिली. मसुऱ्याचा भरतगड लिहिला, तिथून खाली नदी दिसते. धबधबे लिहिले. बायकोनं कागद बघितला आणि म्हणाली, आक्कांना विचारा ना. मी दुसऱ्या दिवशी फोन केला. आक्का म्हणाली, तुला आवडेल तिथे ने. मी ते तिचं मोठेपण समजलो. विचारायची माझी रीत चुकली होती, ते कळलं नाही.

मी आंबोली निवडली. डोंगरातला माणूस, मला सुंदर म्हणजे उंच. तिथल्या कड्यावरून सगळं कोकण पायाशी दिसतं, खूप स्वच्छ दिवस असेल तर समुद्राची रेघसुद्धा. तिला तिचा समुद्र वरून दाखवायचा, असा माझा बेत. पायवाट चढायला आक्का माझ्यापुढे. तीस वर्षं डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चालणारी बाई, तिला कसली चढण. मी मागून धापा टाकत डावीकडचे दगड सांगत होतो आणि ती म्हणत होती, मला पायांनी दिसतं, तू तुझे बघ. कड्यावर पोचलो आणि समोर धुकं. नुसतं पांढरं. खाली कोकण नाही, समुद्र नाही, कठडासुद्धा अर्धाच. आम्ही दीड तास बसलो. मी दर पाच मिनिटांनी म्हणत होतो, आता फाटेल. ते फाटलं नाही. एका टपरीवाल्यानं आम्हाला कणीस भाजून दिलं आणि सांगितलं की काल ह्या वेळी अगदी लख्ख होतं.

आक्कानं कणीस संपवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘धुका बघूक इतक्या वर कित्याक हाडलंस रे, दिगू? ता माझ्या डोळ्यांत आसाच.’

ती हसली. मलाही हसावं लागलं. पण परतीच्या बसमध्ये माझे डोळे भरून आले आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. असली लबाडी केल्याची मला अजून लाज वाटते.

सावंतवाडी मागे पडल्यावर तिनं खिडकीकडे तोंड ठेवूनच सांगितलं की तिला एक गोष्ट बघायची आहे. मी म्हटलं, सांग, उद्या जाऊ. ‘माका माझा घर बघूचा आसा,’ ती म्हणाली. ‘पाण्यातसून. वळणावरसून.’

प्रकाशला ते पसंत नव्हतं. आईला पोहता येत नाही, दिसत नाही, आणि तेही पितृपक्षात, असं त्याचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हती. शुभदानं त्याला आत नेऊन काहीतरी सांगितलं आणि तो बाहेर येऊन जाकिटाचे पट्टे तपासायला लागला. गुणाजी तात्यांना पर्यटक नसल्यामुळे मोकळीकच होती. सासूच्या दंडकाचं काय, असं मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, त्यांना मी काल संध्याकाळी दिवा लावताना विचारलं, त्या काही बोलल्या नाहीत.

सकाळी सातचा सुमार असेल. भरती पुरी भरली होती, पाणी काठोकाठ आणि स्थिर. ती निवळण्याची सकाळ होती. काठाशी गुडघाभर पाण्यात तळची वाळू दिसत होती, त्यावरचे खेकड्यांचे माग दिसत होते. आक्कानं खाली वाकून, मान थोडी डावीकडे वळवून, ते माग बराच वेळ बघितले. शुभदा बांबूवर तांबडं कापड चढवत होती. ते नवं कोरं होतं, आक्कानं आदल्या दिवशी मुद्दाम आणवलेलं. तात्यांनी पाण्यात नारळ सोडला आणि डोक्याची टोपी काढून गाऱ्हाणं घातलं, ‘बा खाडयेच्या राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेक पयल्यांदा तुझ्या पाण्यात येता. तिका सांभाळून ने, सांभाळून हाड.’ आम्ही सगळ्यांनी म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ प्रकाशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दोघांच्या कयाकमध्ये पुढे आक्का, मागे तात्या. मी दुसऱ्या कयाकमध्ये एकटा, आणि वीस वर्षांचा अनुभव असूनही त्या दिवशी माझं वल्हं सरळ पडेना. आक्का दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसली होती. होडीचं तोंड मोकळ्या पाण्याकडे वळलं तसे तिचे हात हळूहळू सुटले. एक हात तिनं पाण्यात घातला. पाणी बोटांमधून जाऊ दिलं. बासष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं ह्याच पाण्यातले मासे हाताळलेली, आणि ते पाणी तिनं पहिल्यांदा असं हातात घेतलं होतं. बगळे उडाले. एक खंड्या तिच्या समोरून निळी रेघ मारून गेला, तो तिला दिसला, कारण ती त्याच्यामागे वळली. मी मनात म्हटलं, हे चाललंय ते पुरे आहे. ह्यापुढे काही नाही दिसलं तरी चालेल.

मुखाकडच्या वळणावर आलो. तिथून पुढे समुद्राचा आवाज येतो आणि पाण्याला हलका हिंदोळा असतो. तात्यांनी कयाक फिरवून तिचं तोंड घराच्या दिशेला केलं आणि वल्ह्याचं टोक दाखवून सांगितलं, तिथे, त्या तीन माडांच्या अलीकडे. आक्का बघायला लागली. आता तिची नजर नळीतून बघितल्यासारखी झाली होती, म्हणून ती मान थोडी थोडी हलवत, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे, सगळा काठ विंचरत होती. कितीतरी वेळ. मीही बघत होतो. कांदळाची हिरवी भिंत, तिच्यावर माडांचे शेंडे. घर नाही, बांबू नाही, तांबडं काही नाही.

ती म्हणाली, ‘माका दिसणा नाय, दिगू. तुका दिसता?’

तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. तिला वाटत होतं, तिचे डोळे गेले. मी दिसतं म्हटलं असतं तर त्या क्षणी ते गेलेच असते. तिनं मान खाली घातली असती आणि परत चल म्हणाली असती. दिसत नाही म्हटलं तर तीस वर्षांचा तो ‘दिसला’ खोटा ठरत होता, आणि ज्यानं तो उच्चारला तो खुलासा करायला उरला नव्हता. डोळे की भावजी, ह्यातलं एक मला निवडायचं होतं, आणि तक्ता करायला वेळ नव्हता. वल्ह्यावरून थेंब पाण्यात पडत होते, ते मी ऐकत होतो.

‘माका पण दिसणा नाय, आक्का,’ मी म्हटलं.

मग मान न वळवता तिनं तात्यांना विचारलं, ‘तात्यानू, आदी दिसा काय?’

तात्यांनी वल्हं पाण्यातून काढलं. मग म्हणाले, ‘कधीच दिसाक नाय, वैनी. कांदळ पयल्यापासून आसा. आमी वासुदेवाक इचारू, खोटा कित्याक सांगतंस? तो म्हणा, ती डोंगरातली, पाण्याक भियता. दिसला म्हटला काय तिका झोप लागता.’

एक मासा उडाला आणि पडला. तात्यांनी घसा साफ केला. ‘पण हंय इलो काय तो वल्हा थांबवी. रोज. थंय बघी, मगे फुडे जाय. मशीन इल्यार मशीन बंद करी. आमका भूक लागलेली असा, आमी गाळी घालू. तो आयकणा नाय.’

आक्का त्या हिरव्या भिंतीकडे बघत राहिली. तात्यांनीही वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं. मीही ठेवलं. ओहोटी लागायला अवकाश होता, त्यामुळे कयाक जागच्या जागी नुसत्या डुलत होत्या. मला भीती वाटत होती की ती रडेल, आणि तिथे पाण्यावर मला तिच्याजवळ जाता येणार नव्हतं.

‘खोटारडो,’ आक्का म्हणाली. तिनं ओल्या हातानं तोंड पुसलं. ‘आणि माका वाटला, माझे डोळे गेले.’

आम्ही परत फिरलो. अगदी काठाजवळ, हाकेच्या अंतरावर आल्यावर कांदळ संपलं आणि घर दिसलं. कौलं, परसातली चूल, तिच्या हातची अळवाची पानं, माडाला बांधलेला बांबू आणि त्यावरचं कोरं तांबडं कापड. तिनं तात्यांना थांबायला सांगितलं. ते घर तिनं मान हलवून हलवून, तुकड्या-तुकड्यानं बघितलं. मग उतरली. शुभदा पाण्यात येऊन उभी होती. तिनं हात धरला आणि उत्सुकतेनं विचारलं, वळणावरून दिसलं का.

‘दिसला गो,’ आक्का म्हणाली. ‘झक्क दिसला.’

प्रकाशनं आईकडे बघितलं, मग तात्यांकडे, मग माझ्याकडे. तोही त्याच खाडीतून ये-जा करणारा. त्याला काय ते माहीत होतंच. तो आईच्या जाकिटाचे पट्टे सोडवायला लागला.

त्यानंतर वर्षभरात तिची नजर गेली. आधी डावा डोळा, मग उजवा. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा थोडी लवकरच. तिच्या आजारपणात आणि नंतर मी पुष्कळ वेळा विचार केला की शेवटचं म्हणून मी तिला काय दाखवलं, तर एक धुकं आणि एक न दिसणारं घर. चांगली निवड म्हणायची. पण ती तसं म्हणत नाही. ती आता ओटीवर बसून होड्यांचे आवाज सांगते, आलेल्या-गेलेल्यांना पाण्याचा रंग विचारते, आणि निवळलं म्हटलं की खुशीत असते. कापड आता शुभदा चढवते. प्रकाश परतला की शुभदाच त्याला विचारते, ‘दिसला?’, आणि तो ‘दिसला’ म्हणतो. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पोरगा बापासारखाच निघाला.

मी मात्र त्यानंतर कुठेच गेलो नाही. ग्रुपवर प्रश्न यायचा, मी काहीतरी सबब लिहायचो, ते तिघे आपापले जायचे आणि चुकीच्या जागा निवडून जळवा लावून घ्यायचे. यंदाही मी प्रश्नावर बोट धरून बसलो होतो. बायको मागून म्हणाली, तुम्हाला जायचं कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे, मग बसलाय कशाला. आमच्याकडे निर्णय असे होतात.

गेल्या रविवारी पहिली बस धरली. तात्या आता कयाकवर बसत नाहीत, पण त्यांनी ती काढून दिली आणि गाऱ्हाणं घातलं. मी एकटाच गेलो. पाणी अजून पुरतं निवळलं नव्हतं, हिरवट होतं. वळणावर समुद्राचा आवाज आला. मी वल्हं आडवं ठेवलं आणि बघत बसलो. कांदळ तीन वर्षांत वाढलं आहे. माडांचे शेंडेही आता जेमतेम दिसतात. तिथे बघण्यासारखं खरोखर काही नाही, तरी भावजी रोज थांबत, भरल्या होडीनं, भुकेल्या जोडीदारांच्या शिव्या खात. मला त्यांची फार आठवण आली. माणूस जिवंत असताना मी त्यांच्याशी मासळीच्या भावापलीकडे काही बोललो नव्हतो.

परत आलो तेव्हा शुभदा परसात भांडी घासत होती. तिनं राखेचे हात तसेच ठेवून विचारलं, ‘मामा, दिसला?’ मी म्हटलं, ‘दिसला.’ ती समाधानानं पुन्हा भांड्यांकडे वळली. आक्का ओटीवर खांबाला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी पायरीवर बसून पाय पुसायला लागलो, तेव्हा तिनं हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि शुभदाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, ‘थंय वल्हा थांबवलंस मां?’

‘थांबवलंय.’

‘मगे दिसला,’ ती म्हणाली, आणि शुभदाला हाक मारून मामासाठी चहा ठेवायला सांगितला.